डबा झाकला की हात खिशात जातोय, हे तोडायचं कसं?

उद्यमबागवाला
मंडळी, फर्स्ट शिफ्टला असतोय. दुपारी डबा खाऊन झाकण लावलं की हात आपोआप खिशात, तंबाखूची पुडी, चुना, अंगठ्यानं मळायचं, दोन थापा, झालं. खरं रविवारी घरात जेवलो की संध्याकाळपर्यंत आठवणसुद्धा येत न्हाई. दोस्त म्हणालाय 21 दिवस कळ काढ, सुटतंय. खरंच असं असतंय काय?

शहापूरचा
21 दिवसाचं सोडा ओ. 1960 साली एका अमेरिकन प्लास्टिक सर्जननं लिहिलंवतं की नवा चेहरा अंगवळणी पडायला पेशंटला कमीत कमी 21 दिवस लागतात, त्यातलं कमीत कमी गळलं आणि आकडा तेवढा गावभर फिरालाय. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली बाईंनी 96 जणांना एकेक साधी सवय लावायला सांगितली, फळ खाणं, पाणी पिणं असलं, तर मधला आकडा आला 66 दिवस, कुणाला 18, कुणाला हिशोबानं 254. मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडलं न्हाई म्हणे. खरं हे लावायचं गणित, सोडायचं न्हवे, आणि तुमच्यात निकोटीन पण हाय.

निपाणीची वैनी
भाऊजी, रविवारी आठवण येत न्हाई म्हणताय की, मग घोडं कुठं अडलंय बघा, त्या जागेवर. अमेरिकेत थेटरात लोकांना आठवड्यापूर्वीचं शिळं पॉपकॉर्न दिलंवतं, ज्यांना सवय ती मंडळी ताज्याएवढंच खात बसली, चव आवडली न्हाई तरी. तेच साध्या खोलीत बसवलं, नाहीतर डाव्या हातानं खायला लावलं, की कमी खाल्लं. आमच्या सासूबाईंची मिश्रीची डबी मोरीतल्या तांब्याशेजारी असायची, सकाळी डोळे उघडायच्या आधी बोट डबीत. ती माळ्यावर टाकली आणि त्याच जागी दंतमंजन ठेवलं. चार दिवस घर डोक्यावर घेतलं त्यांनी, मग बोट मंजनात जायला लागलं. निपाणीत तंबाखूवर चुली पेटतात, तिथं हे जमलं म्हणजे बघा.

उद्यमबागवाला
व्हय वैनी, खरं आमच्यात एकटा मळतोय आणि तिघं हात पुढं करत्यात. दुसरीकडं बसलो तर साहेब झालास काय म्हणून हसणार.

शहापूरचा
हसू देत की. पुडी घरात ठेवून जावा, खिशात बडीशेप, आणि डबा झाकला की थेट नळावर चूळ भरायला, हे आधीच ठरवून ठेवा, तिथं उभारून ठरवायला गेला तर हात पुढं जाणारच. चिडचिड लईच झाली तर 1800-11-2356 वर फोन लावा, तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी लाइन हाय, फुकट.