चीनला दूध विकणाऱ्या न्यूझीलंडने किती गप्प बसावं?

ऑकलंडकर (मूळ धागा)

५ मे २०२१ रोजी न्यूझीलंडच्या संसदेने चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या उइघुर मुस्लिमांवर होणाऱ्या अत्याचारांविषयी एक ठराव एकमताने मंजूर केला. अ‍ॅक्ट पक्षाच्या ब्रूक व्हॅन वेल्डन यांच्या मूळ मसुद्यात ‘वंशसंहार’ असं स्पष्ट म्हटलं होतं. सत्ताधारी लेबर पक्षाला ते मान्य नव्हतं, म्हणून ‘मानवी हक्कांची गंभीर पायमल्ली’ असा बदल झाला आणि मगच ठराव सभागृहात आला. त्याआधीच्या तीन महिन्यांत कॅनडा, नेदरलँड्स आणि ब्रिटनच्या लोकप्रतिनिधींनी तो शब्द न गाळता ठराव केले होते.

सरकारचं कारण कायद्याचं होतं: वंशसंहार झाला की नाही हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ठरवायचं असतं. कारण खोटं नाही. पण त्याच सुमारास व्यापारमंत्री डेमियन ओकॉनर यांनी असा ठराव चीनला आवडणार नाही आणि त्याचा काहीतरी परिणाम होईल, हेही बोलून दाखवलं होतं. मला खरं कारण तिथे दिसतं.

चीनशी मुक्त व्यापार करार करणारा न्यूझीलंड हा पहिला विकसित देश. ७ एप्रिल २००८ ला बीजिंगमध्ये सह्या झाल्या. त्याआधी महिनाभरसुद्धा झाला नव्हता, तोवर ल्हासात तिबेटी लोकांचा उठाव चिरडला गेला होता. परराष्ट्रमंत्री विन्स्टन पीटर्स यांच्या पक्षाने आपल्याच सरकारच्या कराराला विरोध केला, ग्रीन आणि माओरी पक्षानेही केला, तरी करार झाला. आज इथल्या मालनिर्यातीचा साधारण चौथा हिस्सा एकट्या चीनला जातो. दूध पावडर, मांस, किवी. लाकडाचे ओंडके तर बहुतांश तिकडेच.

गप्प बसण्याची किंमत कोण मोजतं, याचं उदाहरण करार झाला त्याच वर्षी घडलं. फोंटेरा या इथल्या बलाढ्य दूध सहकारी संस्थेचा चीनच्या सानलू कंपनीत ४३ टक्के हिस्सा होता. सानलूच्या बाळदुधात मेलामाइन हे प्लास्टिक उद्योगातलं रसायन सापडलं. पाणी घातलेल्या दुधात ते मिसळलं की चाचणीत प्रथिनं भरपूर दिसतात, कारण चाचणी फक्त नायट्रोजन मोजते. सहा बाळं दगावली, सुमारे ३ लाख आजारी पडली, कित्येकांना मूतखडे झाले. फोंटेराला हे २ ऑगस्टला कळलं. ८ ऑगस्टला बीजिंग ऑलिंपिकचं उद्घाटन होतं. फोंटेराने बंद दाराआड माल परत घेण्याचा आग्रह धरला, स्थानिक अधिकाऱ्यांनी दाद दिली नाही. शेवटी ८ सप्टेंबरला पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी थेट बीजिंगला कळवायला सांगितलं आणि मग चक्रं फिरली. मधला महिनाभर आया तेच दूध बाळांना पाजत होत्या.

व्यापार बंद करा असं मी म्हणत नाही. पण एखाद्या गिऱ्हाइकाचा वाटा इतका वाढला की त्याच्याविषयी खरं बोलायच्या आधी वाणिज्य खात्याला विचारावं लागतं, तर तो वाटा जास्त आहे, आणि तो कमी करणं हे सरकारचं नैतिक काम आहे. मतं मांडा.

वायकाटोवाला

ऑकलंडकर, तुमची कळकळ पोचते, पण दूध काढणारा माणूस तुमच्या लेखात कुठेच नाही. मी हॅमिल्टनजवळ डेअरी फार्मांचे हिशेब बघतो. फोंटेरा ही कुणा शेठजीची कंपनी नाही. आपल्याकडच्या गोकुळ-वारणेसारखीच ती दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांच्या मालकीची आहे. २०१३-१४ ला शेतकऱ्याला दुधातल्या घन पदार्थांच्या किलोमागे ८.४० डॉलर मिळाले. दोनच हंगामांनी, २०१५-१६ ला, ३.९० मिळाले. चिनी खरेदीदारांनी हात आखडला हे त्याचं एक मोठं कारण होतं, आणि तेव्हा कुणी चीनवर टीकाही केली नव्हती. त्या दोन वर्षांत मी ज्यांच्या वह्या बघत होतो त्यांतल्या कित्येकांनी बँकेकडे हप्ते पुढे ढकलायला मागितले, आणि काहींनी गाई विकल्या.

आता ऑस्ट्रेलिया बघा. २०२० मध्ये त्यांनी कोविडच्या उगमाची चौकशी मागितली. चीनने त्यांच्या बार्लीवर ८०.५ टक्के शुल्क लावलं, वाइनवर दोनशे टक्क्यांच्या वर. तरी ऑस्ट्रेलिया तरला, कारण लोहखनिज चीनला त्यांच्याकडूनच घ्यावं लागत होतं. आपल्या दूध पावडरीविना चीनचं काही अडणार आहे का? युरोप टपूनच बसला आहे. ठरावात एक शब्द ठेवल्याने एकाही उइघुराची सुटका झाली नसती, आणि इथे शेकडो फार्म लिलावात निघाले असते. हा हिशेब मांडणाऱ्याला भित्रा म्हणू नका.

सुमेधा_वेलिंग्टन

वायकाटोवाला यांच्याशी सहमत. त्यात थोडा इतिहास जोडते, कारण व्यापाराने मान पिरगाळायचा मक्ता चीनकडेच आहे असा धाग्याचा सूर वाटला.

१० जुलै १९८५ ला फ्रेंच गुप्तहेरांनी ऑकलंड बंदरात ग्रीनपीसची ‘रेनबो वॉरियर’ ही बोट स्फोटाने बुडवली. फर्नांडो परेरा हा छायाचित्रकार त्यात मेला. पकडलेल्या दोन हेरांना इथल्या न्यायालयाने दहा-दहा वर्षांची शिक्षा दिली. पुढे काय झालं? न्यूझीलंडचं लोणी तेव्हा युरोपात, मुख्यतः ब्रिटनला जात होतं, आणि फ्रान्स ती वाट अडवू शकत होता. १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांच्या मध्यस्थीने तोडगा निघाला. फ्रान्सने माफी मागितली, ७० लाख अमेरिकन डॉलर दिले, लोण्याच्या आड येणार नाही असं कबूल केलं, आणि दोन्ही हेर पॅसिफिकमधल्या हाओ बेटावरच्या फ्रेंच तळावर रवाना झाले. तीन वर्षं तिथे राहायचं ठरलं होतं, तीही त्यांनी पुरी केली नाहीत. लोकशाही मित्रराष्ट्र म्हणवणाऱ्या देशाने हे केलं. छोट्या देशाचं जगणं असंच असतं, समोर कुणीही असो.

ऑकलंडकर

सुमेधाताई, हे उदाहरण दिलंत हे फार बरं झालं, पण त्यातून मी नेमका उलटा अर्थ काढतो. हेर सोडले तेव्हा इथे लोक संतापले होते. लोण्यासाठी न्याय विकला, असं उघड बोललं गेलं. त्याला मुत्सद्देगिरी म्हणून कुणी गौरवलं नाही. आज तशीच माघार घेतली की तिला परिपक्व परराष्ट्र धोरण म्हणतात. २०२१ च्या जानेवारीत याच ओकॉनर साहेबांनी ऑस्ट्रेलियाला सल्ला दिला की आमच्यासारखा चीनला थोडा मान द्या. शेजाऱ्याच्या बार्लीवर शुल्क बसलेलं असताना असं बोलायचं? मला त्या दिवशी मनापासून शरम वाटली.

वायकाटोवाला, एक ठराव करून कैदी सुटत नाहीत हे मान्यच आहे. पण हाच न्याय लावला तर १९८१ साली वर्णद्वेषी राजवटीच्या दक्षिण आफ्रिकेच्या ‘स्प्रिंगबॉक’ रग्बी संघाच्या दौऱ्याविरुद्ध हॅमिल्टनच्या मैदानात घुसून सामना रद्द करायला लावणाऱ्यांनीही घरीच बसायला हवं होतं. त्यांनी मार खाल्ला, आणि आज त्यांचा अभिमान वाटत नाही असं म्हणणारा मला इथे भेटलेला नाही.

अनघा_ओस्लो

नॉर्वेत राहते म्हणून लिहिते. २०१० चं शांततेचं नोबेल चीनच्या कैदेतले लोकशाहीवादी लेखक लिऊ श्याओबो यांना मिळालं. पुरस्कार देणारी समिती सरकारचं ऐकत नाही, पण शिक्षा सरकारला झाली. सहा वर्षं राजकीय संबंध गोठले, साल्मन माशांवर नवनव्या तपासण्या निघाल्या, माल व्हिएतनाममार्गे फिरून जायला लागला. डिसेंबर २०१६ मध्ये समेट झाला आणि त्या निवेदनात नॉर्वेने चीनच्या ‘गाभ्याच्या हितसंबंधांना’ बाधक ठरेल अशा कशालाही पाठिंबा न देण्याचं लिहून दिलं. पुढच्याच जुलैत लिऊ कैदेत असतानाच रुग्णालयात वारले, तेव्हा इथल्या सरकारची प्रतिक्रिया अगदी जपून आली.

नॉर्वेकडे तेलाचा पैसा आहे. मासे विकले नाहीत म्हणून इथे कुणी उपाशी राहिलं नसतं. म्हणून न्यूझीलंडच्या शेतकऱ्याला मी दोष देणार नाही, पण परवडत असूनही जे झुकतात त्यांना नक्की देईन.

विदर्भवाला

धागाकर्त्यांना विचारायचं आहे, वाटा कमी करून माल विकायचा कुणाला? भारताला? नोव्हेंबर २०१९ मध्ये भारत आरसेप या आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार कराराच्या वाटाघाटींतून बाहेर पडला, त्यामागे न्यूझीलंडच्या दूध पावडरीची धास्ती हे मोठं कारण होतं. माझे मामा नगर जिल्ह्यात चार म्हशी आणि सहा गाई सांभाळून आहेत. भाव पडला की रस्त्यावर दूध ओतायची वेळ येते. तिकडची पावडर इथे आली तर ते संपले. त्यामुळे तुमच्या नैतिकतेसाठी आमची बाजारपेठ उघडा, असं कुणी म्हणू नये.

आणि चीनबाबत आपणही काही वेगळे नाही. २०२० ला गलवानमध्ये २० जवान गेले, अ‍ॅपवर बंदी आली, पण २०२४-२५ मध्ये चीनबरोबरची व्यापारी तूट ९९ अब्ज डॉलरवर गेली. औषधांचा कच्चा माल, सौर पॅनेलचे सुटे भाग, सगळं तिकडूनच. १४० कोटींच्या देशाला जमत नाही ते ५० लाखांच्या देशाने करावं ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

मीनल७८

मला एका वेगळ्या गोष्टीची काळजी वाटते. असे वाद पेटले की इथल्या चिनी वंशाच्या लोकांकडे संशयाने बघतात. १८८१ च्या कायद्याने या देशाने प्रत्येक चिनी माणसाकडून १० पौंड डोईपट्टी घेतली, १८९६ ला ती १०० पौंडांवर नेली. माफी मागायला २००२ साल उजाडलं. माझ्या मुलीच्या वर्गातली मैत्रीण तैवानी आहे आणि तिलाही ‘तुमचं सरकार’ म्हणून ऐकून घ्यावं लागतं. चर्चा करा, पण बीजिंगचं सरकार आणि चिनी माणूस यांत फरक ठेवूनच करा.

ऑकलंडकर

मीनलताई, पूर्ण सहमत. शिवाय बीजिंगच्या दबावाचा सगळ्यात जास्त जाच इथल्या चिनी आणि उइघुर कुटुंबांनाच होतो, कारण त्यांचे नातेवाईक तिकडे आहेत. आपण गप्प बसतो तेव्हा त्यांनाही एकटं पाडतो.

विदर्भवाला, तुमच्या मामांचा भाव पाडून मला नैतिक व्हायचं नाही. भारताने दुधाचं दार बंद ठेवावं, तो त्यांचा हक्क. पण पर्याय म्हणजे फक्त भारत नाही. आग्नेय आशिया आहे, आखाती देश आहेत. परराष्ट्रमंत्री नानाया माहुता यांनी २०२१ मध्येच निर्यातदारांना सावध केलं होतं की वादळ येऊ शकतं, तयारी ठेवा. त्या एका वाक्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो, जरी मूळ ठरावाबद्दल मी नाराज असलो तरी.

कापूसकोंडा

तुम्ही सगळे निर्यातीवर भांडताय. आयातीचं काय? जगातल्या कापसाचा साधारण पाचवा हिस्सा एकट्या शिनजियांगमधून येतो. सौर पॅनेलला लागणारं पॉलिसिलिकॉन तिथलं, टोमॅटोची पेस्टही तिथली. तिथल्या मालात सक्तीची मजुरी असते असं गृहीत धरून अमेरिकेने जून २०२२ पासून कायदा लागू केला: माल स्वच्छ आहे हे आयातदाराने सिद्ध करायचं, नाहीतर तो बंदरावरूनच परत. न्यूझीलंडने २०२२ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्यावर लोकांची मतं मागवली, आणि २०२४ मध्ये नव्या सरकारने त्यासाठीचा सल्लागार गटच गुंडाळला. कपड्याच्या धंद्यात आहे म्हणून सांगतो, धागा कुठून आला हे शोधता येतं. अवघड आहे, खर्चिक आहे, पण येतं. विचारणारं कुणी नसेल तर कुणी शोधत नाही.

वायकाटोवाला

कापूसकोंडा यांचा मुद्दा मला पटण्याजोगा वाटतो, पण एका अटीवर. कायद्यात कुठल्याही देशाचं नाव नको. मलेशियातले रबरी हातमोजे, थायलंडची कोळंबी, आणि आपल्या इथल्या द्राक्षमळ्यांत व्हिसाच्या धाकाने राबवलेली परदेशी पोरं, सगळ्यांना तोच नियम. मग चीनला वेगळं काढलं असं कुणी म्हणू शकणार नाही आणि शेतकऱ्यावर सूडही उगवता येणार नाही. संसदेच्या ठरावाबद्दल मात्र माझं मत तेच आहे. तो शब्द गाळला ते बरोबर केलं.

ऑकलंडकर

देशाचं नाव नको, हे मान्य. मग पहिला माल कुठला घ्यायचा? माझं उत्तर: सौर पॅनेल. सरकार स्वतः शाळांच्या छपरांवर ती बसवतं, म्हणजे खरेदीच्या निविदेत एक अट घातली तरी सुरुवात होते, संसदेचीही वाट बघावी लागत नाही. आणि शब्दाबद्दल आपलं जमणार नाही, वायकाटोवाला. पुढचा ठराव येईल तेव्हा मी माझ्या खासदाराला तो शब्द ठेवायला सांगणार आहे, तुम्ही तुमच्या खासदाराला गाळायला सांगा.

वायकाटोवाला

सांगणारच. आणि पॅनेलची अट घालताना खर्च किती वाढतो तेही त्याच निविदेत छापा. ग्रामीण शाळांचं अंदाजपत्रक किती तोकडं असतं ते मी जवळून बघतो. पॅनेल महाग झाली म्हणून एखाद्या शाळेने ती बसवलीच नाहीत, तर तो निर्णयही आपल्याच नावावर लागेल.