साखर कारखान्यात पैसा सरकारचा, हमीही सरकारची. मग ताबा एकाच घराकडे कसा राहतो?

प्रश्न (ऊसपट्टा): सहकारी साखर कारखाना कागदोपत्री हजारो सभासदांचा. उभारणीत सरकारचा पैसा, कर्जाला थकहमीही (कर्ज थकलं तर भरण्याची हमी) सरकारची. तरी पिढ्यानपिढ्या अध्यक्षपद त्याच घरात, आणि कारखाना बुडाला की तो खासगी कंपनीकडे जातो. हे नेमकं कोणत्या कलमांतून, कोणत्या कागदांतून घडतं? सभासदाने काय तपासावं?

उत्तर (ताळेबंद): भांडवलापासून सुरू करा. नव्या कारखान्याचा जुना ठरलेला आकृतिबंध म्हणजे सभासद 10 टक्के, शासन 30 टक्के आणि उरलेले 60 टक्के कर्ज. सहकारात भाग कितीही असोत, मत एकच. म्हणजे सभासदांच्या तिप्पट पैसा घालूनही निवडणुकीत सरकारचं वजन नाही, आणि स्वतःचा फारसा पैसा न घालता संचालक मंडळ सगळ्या पैशावर बसतं. मालकी न घेता ताबा मिळतो, तो इथे.

पण खरी चावी मालतारण कर्जात आहे. पोत्यातल्या साखरेचं मूल्यांकन होतं आणि बँक त्याच्या 85 ते 90 टक्के उचल देते. समजा, मूल्यांकन क्विंटलला 3,600 रुपये. 90 टक्क्यांनी 3,240. त्यातून प्रक्रिया खर्च आणि जुन्या कर्जाचे हप्ते मिळून 750 कापले, तर ऊसबिलाला उरले 2,490. उतारा (उसातून निघणारी साखर) 10.25 टक्के धरला तर टनाला 2,552 रुपये. 2025-26 ची एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर) याच उताऱ्याला 3,550. तोडणी-वाहतूक 800 धरली तरी द्यायचे 2,750. टनामागे जवळपास 200 रुपये कमी. साखरेचा भाव पडला की खातं अपुऱ्या दुराव्यात जातं, म्हणजे तारण साखरेची किंमत कर्जाला पुरत नाही, आणि बँक उचल थांबवते. मग ज्याचं मुंबईत वजन, त्याच्या कारखान्याला नवी थकहमी किंवा कर्जाचं पुनर्गठन मिळतं. दुसऱ्याची फाईल फिरत राहते. निकष लेखी असतात, पण हमी द्यायची की नाही हे मंत्रिमंडळ ठरवतं.

कोपरगावकर: वरच्यात शेताच्या बांधावरची बाजू जोडतो. ऊस काढायला आला की फार थांबता येत नाही. तुरा आला, पाणी तुटलं की वजन घटतं. तोडणीची टोळी कोणाच्या फडात आधी पाठवायची हे शेतकी खातं लागवडीच्या तारखेवरून ठरवतं, पण प्रत्यक्षात वरून फोन येतो. निवडणुकीत विरोधात गेलेल्याचा आडसाली (पावसाळ्यात लावलेला, दीड वर्षाचा) ऊस मार्चपर्यंत उभा ठेवला की शिक्षा झाली, आणि ती कुठल्याही कागदावर येत नाही. म्हणून ऊसनोंदीची पावती आणि तोडणी कार्यक्रमातला क्रमांक जपून ठेवा. ऊस दुसऱ्या कारखान्याला घालता येतो खरा, पण महाराष्ट्रात दोन कारखान्यांत 25 किलोमीटर अंतराची अट आहे. त्यामुळे पर्याय लांबचा, आणि वाहतुकीचा खर्च बिलातूनच जातो.

पैसे थकले तर: ऊस नियंत्रण आदेश 1966 प्रमाणे 14 दिवसांत बिल, उशिरावर वर्षाला 15 टक्के व्याज. लेखी तक्रार पुण्याच्या साखर आयुक्तांकडे करा. ते आरआरसी (महसुली वसुलीचं प्रमाणपत्र) काढतात आणि जिल्हाधिकारी महसुली थकबाकी म्हणून वसुली करतात. अडचण अशी की गोदामातली साखर आधीच बँकेकडे तारण असते, त्यामुळे जप्तीला हाती फार लागत नाही.

ऊसपट्टा: आणि विक्री? ती तर लिलावानेच होते ना?

कलम_८३: हो, पण लिलावाआधीच बरंच ठरलेलं असतं. सरफेसी कायदा 2002 (बँकेला कोर्टात न जाता तारण विकू देणारा) खाली कलम 13(2) ची थकबाकीची नोटीस, 60 दिवसांनी 13(4) खाली ताबा, मूल्यांकन, राखीव किंमत, 30 दिवसांची विक्री नोटीस. बोली लागली की 25 टक्के लगेच भरायचे. बिघाड मूल्यांकनात होतो: चालू स्थितीतली यंत्रसामग्री भंगाराच्या दराने आणि शेकडो एकर जमीन शेतीच्या दराने धरली जाते. मग लिलाव एक-दोनदा रिकामा गेला की राखीव किंमत खाली येते. खरेदीदाराला कर्ज कोणी दिलं हेही पाहा. सहकारी बँकेचंच निघालं तर लोकांच्या ठेवींवर मालकी बदलली. कारखान्यांना कर्ज देणाऱ्या राज्य सहकारी बँकेचं संचालक मंडळ मे 2011 मध्ये बरखास्त झालं. तिच्या कर्जवाटपाच्या आणि कारखाने विक्रीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2019 ला गुन्हा नोंदवायला सांगितला, आणि 2020 मध्ये तपास बंद करण्याचा अहवालही आला. इतक्या उशिरा कागद मिळणं अवघड, म्हणून वेळेत मागा.

सहकार कायद्याच्या कलम 32 खाली सभासदाला सभांची इतिवृत्तं, शेवटचा ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी पाहता येतात. ताळेबंदात शासकीय भागभांडवल, हमी शुल्काची थकबाकी, तोडणी ठेकेदारांना दिलेल्या उचली आणि सभासदांच्या बिनपरतीच्या ठेवी या चार ओळी सलग पाच वर्षांच्या शेजारी शेजारी मांडा. उचली वाढत आणि गाळप घटत असेल तर कलम 83 च्या चौकशीची मागणी तेव्हाच करा. नुकसानीची जबाबदारी संचालकांवर कलम 88 खाली बसते. ताबा गेल्यावर डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) जायला 45 दिवसच असतात. विक्री होऊन गेली असेल तर दुय्यम निबंधकाकडून सूची क्रमांक 2 (नोंदवलेल्या खरेदीखताची नोंद) ची प्रत घ्या, किंमत आणि घेणारी कंपनी त्यात असते. संचालकांची नावं कंपनी निबंधकाच्या नोंदीत सापडतात.