उन्हापलीकडचा खानदेश

"खानदेशात उन्हाशिवाय आहे काय?" असं कोणीतरी विचारलंय, म्हणून लिहिते. मी रत्नागिरीची, नवऱ्याच्या बदलीमुळे वर्षभर जळगावात राहिले. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, दुपारी रस्ते ओस. ते सोसणं कठीणच. पण त्याच उन्हाळ्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया येते. लेकी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. शेजारच्या काकूंनी मलाही माहेरवाशीण मानून खापरावरचे मांडे (मातीच्या उपड्या भांड्यावर भाजलेल्या मोठ्या पुरणपोळ्या) नि आमरस वाढला. त्यांची लेवा बोली मी खानदेशातली अहिराणीच समजत होते. ती वेगळी, हे त्यांनीच समजावलं. आणि हिवाळ्यात कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, सोबत कळण्याची (ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेली) भाकरी! निघताना काकूंच्या गळ्यात पडून रडले मी.