मदत हवी आहे : काजूच्या टरफलाचं तेल, पण कंट्रोलमधल्याही अळ्या मरतायत

अळी_आणि_मी : लवकर सांगा. एमएस्सीचा प्रबंध पंधरा दिवसांत द्यायचाय. टरफलाचं तेल ॲनॉफिलिसच्या, म्हणजे मलेरिया पसरवणाऱ्या डासाच्या, अळ्यांवर तपासतेय. तेलाच्या कमी-जास्त प्रमाणाच्या पाच पातळ्या घेतल्या, चोवीस तासांत पाचही कपांत सगळ्या मेल्या. कंट्रोलमध्ये, म्हणजे तेल न घातलेल्या कपातही, 25 पैकी 9! काय चुकतंय?

म्हापशेकर : पाणी कुठलं, अळ्या कुठल्या, तेल कशात विरघळवलंस बाय?

अळी_आणि_मी : नळाचं पाणी. अळ्या पर्वरीतल्या एका बांधकामावरच्या टाकीतल्या. तेल ॲसिटोनमध्ये.

फोंडा_७ : एवढा खटाटोप कशाला? गप्पी मासे सोडा. आमच्या विहिरीत सोडले, वर्षभर अळी दिसली नाही.

म्हापशेकर : ती औषध शोधतेय, मासे नव्हे. आणि गप्पी देशी माशांची पिल्लं खातात.

फोंडा_७ : विहिरीतून ते कुठे जाणार?

कुशावती : पावसात विहीर तुडुंब भरली की व्हाळात जातात. आमच्याकडे गेले.

सांज : डेंग्यूचा डास दिवसा चावतो. लेकराला दुपारीसुद्धा मच्छरदाणीत निजवा.

म्हापशेकर : इथे मलेरियाचं चाललंय. बाय, ॲसिटोन किती घातलंस?

अळी_आणि_मी : 100 मिलिलिटर पाण्याला 5. कंट्रोलमध्ये नाही घातलं, तिथे नुसतं पाणी.

म्हापशेकर : इथेच घोळ आहे. 1 मिलिलिटरच्या वर नको, आणि तेवढंच कंट्रोलमध्येही हवं. नाहीतर तेलाने मेल्या की ॲसिटोनने, कळणार कसं? कंट्रोलमध्ये 20 टक्क्यांवर मेल्या की चाचणी बाद, तुझ्या 36 टक्के मेल्यात. 5 ते 20 असत्या तर ॲबटचं सूत्र लावून कंट्रोलमधल्या मृत्यूंचा हिशेब वजा करता आला असता. नळाच्या पाण्यातलं क्लोरीनही अळ्यांना सोसत नाही, रात्रभर पाणी उघडं ठेव. पाचही पातळ्यांवर सगळ्याच मेल्या तर एलसी-50, म्हणजे निम्म्या अळ्या मारणारं प्रमाण, निघत नाही. काही कपांत निम्म्याहून कमी मरतील इतकं पातळ करत जा. पाण्यावर तवंग होता का?

अळी_आणि_मी : हो, रंगीत. तेल आहे म्हणून असणारच असं वाटलं.

म्हापशेकर : ॲनॉफिलिसची अळी पाण्याला समांतर पडून वरूनच श्वास घेते. तवंगाखाली ती गुदमरूनही मरते, मग तेलाचं विष किती ते दिसतच नाही.

कुशावती : हातमोजे घालतेस ना गो? माझी आई काजूच्या कारखान्यात होती. हाताला राख लावून फोडायची, तरी बोटांची साल जायची.

अळी_आणि_मी : नाही घालत. उजव्या अंगठ्यावर दोन दिवस काळा डाग आहे. तो याचाच का?