जुन्या लॅपटॉपला कोणतं लिनक्स? वायफाय आणि प्रिंटर दोन्ही चालायला हवेत

मंडळी, बाबांच्या लॅपटॉपसाठी सल्ला हवा आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, हा पाचव्या पिढीचा. बाकी मशीन ठणठणीत आहे, भंगारात द्यायचा जीव होत नाही. अजून काही इन्स्टॉल केलेलं नाही. डिव्हाइस मॅनेजरमधून उतरवून घेतलेली माहिती:

आय३-५००५यू, ४ जीबी रॅम (एक स्लॉट रिकामा), ५०० जीबी हार्ड डिस्क, ग्राफिक्स इंटेल एचडी ५५०० आणि सोबत जीफोर्स ८२०एम, वायफाय ब्रॉडकॉम बीसीएम४३१४२. प्रिंटर कॅनन एलबीपी२९००.

बाबा सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. मेंटेनन्सचा हिशेब एक्सेलमध्ये, नोटिसा इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड मांडणीवर टाइप करून छापायच्या, रात्री यूट्यूबवर कीर्तन. टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) ते उघडणार नाहीत आणि मी दुसऱ्या गावी असतो. अपडेटनंतर वायफाय गेलं तर फोनवरून निस्तरणं कठीण. लिनक्सचे प्रकार तरी किती: मिंट, डेबियन, फेडोरा, झोरिन... वाचून वाचून डोकं फिरलं. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
डिस्ट्रोचं (लिनक्सच्या प्रकाराचं) नाव नंतर, आधी ती वायफाय चिप. तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) नसतो, कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. डेबियन १२ पासून इन्स्टॉलरमध्ये फर्मवेअर (चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) येतं खरं, पण इथे नुसत्या फर्मवेअरने भागत नाही. फेडोरात आरपीएम फ्यूजन हा बाहेरचा सॉफ्टवेअर साठा जोडावा लागेल. मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर उघडून टिचकी मारली की झालं. तोवर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंगवर नेट घ्या. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी बायोसमधली सोय) चालू असेल तर हा ड्रायव्हर लोड होताना अडतो, ते आधी बंद करा.

म्हणून माझं मत मिंट २२, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती. २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. जीफोर्सच्या नादी लागू नका, त्या कार्डाची ३९० ही शेवटची ड्रायव्हर मालिका कधीच थांबली. स्क्रीन इंटेलवर मजेत चालते. खर्च करायचाच तर एसएसडीवर करा, मग रॅमवर. इन्स्क्रिप्टची काळजी नको.

खरी डोकेदुखी प्रिंटर. एलबीपी२९०० फक्त सीएपीटी ही कॅननची स्वतःची छपाईची भाषा बोलतो, साधा जेनेरिक ड्रायव्हर लावून चालत नाही. लिनक्सचा ड्रायव्हर आहे, पण जुना.

प्रतिसाद २
मिंट इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून आवाज, टचपॅड आणि झाकण मिटल्यावर स्लीप होतो का, एवढं तपासा. मगच विंडोज पुसा.

धागाकर्ता
धन्यवाद! प्रिंटर बदलायचा विषय काढून पाहिला, बाबा ऐकत नाहीत. तेव्हा मिंट एक्सएफसीई नक्की. आता एवढंच सांगा: ६४-बिट मिंटवर त्या जुन्या सीएपीटी ड्रायव्हरसाठी ३२-बिट लायब्ररी कोणत्या टाकाव्या लागतात? सध्या एलबीपी२९०० कुणी असा चालवतंय का?