मशीन लर्निंगने क्वांटम अल्गोरिदम शोधायचा प्रोजेक्ट: कुठून सुरुवात करू?

शेवटचं_वर्ष: नमस्कार मंडळी. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या फायनल इयरला आहे. पायटॉर्च (मशीन लर्निंगची लायब्ररी) बऱ्यापैकी येतं, क्वांटमचा एक ऑनलाइन कोर्स केलाय. मशीनकडून नवा क्वांटम अल्गोरिदम शोधून घ्यायचा असं डोक्यात आहे. गाइड म्हणतात, "काहीही करा, पण वेळेत सबमिट करा." लॅपटॉपला १६ जीबी रॅम. झेपेल का?

मुळशीकर: शोरच्या (मोठ्या संख्येचे अवयव पाडणाऱ्या प्रसिद्ध क्वांटम अल्गोरिदमच्या) तोडीचं काही हाती लागेल ही आशा सोड, मग झेपेल. ज्याचं उत्तर तपासता येतं असा छोटा प्रश्न घे. २०१८ मध्ये लॉस अलामॉसच्या संशोधकांनी मशीनला एकच काम दिलं होतं: दोन क्वांटम अवस्था किती जुळतात ते मोजायचं. त्यासाठीच्या नेहमीच्या स्वॅप टेस्टला जादा क्यूबिट (क्वांटम बिट) आणि कंट्रोल्ड स्वॅप (जादा क्यूबिट १ असेल तरच अदलाबदल) लागतो. एकेका क्यूबिटच्या अवस्थांसाठी मशीनने काढलेला मार्ग म्हणजे एक सीनॉट (पहिला क्यूबिट १ असेल तर दुसरा उलटवणारं गेट), एक हॅडामार्ड (० किंवा १ चं दोन्हींचं मिश्रण करणारं गेट) आणि दोन्ही क्यूबिटचं मापन. ११ आलं तर उणे एक, बाकी तिन्हींना अधिक एक, आणि सरासरी. संपलं! हेच पुन्हा करून दाखवलंस तरी प्रोजेक्ट उभा राहतो.

रेवा_के: रॅमची काळजी नको. ३० क्यूबिटची अवस्था साठवायलाच १६ जीबी जातात हे खरं, पण तुला तीन-चार क्यूबिट पुरेत. फक्त पॅरामीटरवालं सर्किट (ज्यातल्या गेटचे कोन बदलता येतात) घेऊन ग्रेडियंट डिसेंट (उताराच्या दिशेने पॅरामीटर थोडे थोडे बदलणं) लावायच्या मोहात पडू नकोस. चार क्यूबिटवर छान चालतं, आणि क्यूबिट वाढवले की बऱ्याचदा ग्रेडियंट शून्याला टेकतो. याला बॅरन प्लॅटो म्हणतात. व्हायवात हमखास विचारतील.

जुना_खोडकर: रँडम सर्चशी (नुसती आंधळी सर्किटं करून बघण्याशी) तुलना कर रे बाबा. निम्मे 'एआय' प्रोजेक्ट तिथेच झोपतात.

मुळशीकर: +१. अजून एक दिशा: डीपमाइंडचं अल्फाटेन्सर-क्वांटम. ते सर्किटमधले टी गेट (फेज ४५ अंशांनी फिरवणारं गेट) कमी करतं, कारण चूक-दुरुस्तीवाल्या मशीनवर टी गेट फार महाग पडतो. रीइन्फोर्समेंट लर्निंगने (बक्षीस म्हणजे रिवॉर्ड देत शिकवणं) त्याला फाइनाइट फील्डमधल्या (मोजक्याच संख्यांच्या गणितातल्या) गुणाकारासाठी कारात्सुबासारखी (कमी गुणाकारांत काम भागवणारी) युक्ती आपणहून सापडली.

शेवटचं_वर्ष: भारी! मग टॉफोली गेट (दोन क्यूबिट १ असतील तरच तिसरा उलटवणारं) घेतो. रिवॉर्ड कसा ठरवू?

रेवा_के: आधी तीन सीनॉटमधून स्वॅप (दोन क्यूबिटची अदलाबदल) बनवायला शिकव, मग टॉफोली. पुस्तकातल्या सर्किटला ७ टी गेट लागतात, ते तुझं माप. मॅट्रिक्स थेट ताडून बघू नकोस, ग्लोबल फेजमुळे (अख्ख्या मॅट्रिक्सला लागलेल्या, मापनात न दिसणाऱ्या गुणकामुळे) बरोबर उत्तरही चूक दिसेल. हवं ते मॅट्रिक्स यू, तुझ्या सर्किटचं व्ही. यू डॅगर (यू चं कॉन्जुगेट ट्रान्सपोज) गुणिले व्ही याचा ट्रेस (कर्णावरच्या संख्यांची बेरीज) घे, टॉफोलीसाठी त्याचं मॉड्युलस भागिले ८. एक आलं की जमलं. दर टी गेटमागे थोडा दंड ठेव. आणि टॉफोलीच्या दोन्ही टोकांचे हॅडामार्ड शोधाबाहेर काढ. मधला सीसीझेड (तिन्ही क्यूबिट १ असतील तरच चिन्ह उलटवणारं गेट) नुसत्या सीनॉट आणि टी गेटवर बनतो, शोध पुष्कळ आटोक्यात येतो.