चाळीतल्या खोलीत ओला कचरा कसा जिरवायचा?

लालबागकरीण: गॅलरी सामायिक, जागा हातभर. भाजीची देठं, चहाचा चोथा रोज फेकताना जीव हळहळतो. वास न येता खत होईल का?

दादरच्या काकू: होतं गं. झाकणाच्या बादलीला भोकं पाड, तळाला नारळाच्या शेंड्या, प्रत्येक थरावर सुकी पानं. वास ओल वाढल्यावर येतो. मग सुकं घाल, ढवळ. पावसाळ्यात जास्तच लागतं. मासळीचं काही नको, उंदीर येतात.

मुलुंडकर: कचऱ्याचंच चाललंय तर प्लास्टिकचंही सांगतो. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापू नका, नुसती चीर द्या. सुटा तुकडा कुणी वेचत नाही, गटारात जातो. पिशवी धुऊन, सुकवून भंगारवाल्याला द्या. मुंबईच्या देवनार कचराभूमीवर १९२७ पासून कचरा पडतोय, आपली भर कशाला?

लालबागकरीण: सुकी पानं चाळीत कुठून आणू?

दादरच्या काकू: नर्सरीत कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, वीट मिळते, तीच वापर.